बुरण्याच्या पिंजऱ्याबद्दल जावईबापूंना

मु. डोंगरकडा

चि. शिवहारराव जावईबापू यांस,

सासरा नामाजीचा आशीर्वाद. इकडे शेळ्या, मेंढ्या आणि आमची मंडळी म्हणजे तुमच्या मामी खुशाल आहेत. माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही. आमच्या साधनाची सर्दी गेली का? तिला ओव्याची पुरचुंडी हुंगायला द्या. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन वाजला की मामीच आधी उचलतात आणि हा विषय त्यांच्यासमोर काढण्यासारखा नाही.

दोन महिने कामासाठी परगावी जाताना तुम्ही तुमचं पिल्लू ब्रूनो (इकडे सगळे त्याला बुरण्याच म्हणतात) आणि त्याचा लोखंडी पिंजरा आमच्या ओसरीवर ठेवून गेलात. म्हणालात, मामा, याला पिंजऱ्यात गुमान बसायची सवय लावा. ती लागली तरच पुण्याच्या फ्लॅटमध्ये ठेवता येईल, नाहीतर नाही. मी हो म्हणालो. जावयाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही, आणि ती का नाही याचा विचार मी गेला दीड महिना करतोय. पहिल्याच दिवशी शेजारचे उकंडराव येऊन पिंजऱ्याभोवती दोनदा फिरले आणि विचारते झाले, "नामाजी, एवढाला उंदीर कुठं दिसला तुमाला?" मी सांगितलं, कुत्र्यासाठी आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण गावात बोलले.

तुम्ही मोबाइलवर पाठवलेल्या सूचनांत लिहिलंय की पिल्लू रडत असताना दार उघडू नये, गप्प झालं की मगच उघडावं. बराबर असेल. पण लिहिणाऱ्याच्या घरी शेळ्या नसाव्यात. आपल्याकडे शेळ्या रानात गेल्या की करडं बांबूच्या डालग्याखाली झाकायची, आणि संध्याकाळी करडू ओरडलं की डालगं उचलून त्याला आईकडे सोडायचं. मामींचा हात चाळीस वर्षं हेच करत आलाय. एका संध्याकाळी मी घड्याळ घेऊन पिंजऱ्यासमोर बसलो होतो, बुरण्या ओरडला, मामी आल्या, दार उघडलं आणि सवयीनं त्याला उचलून थेट काबरी शेळीच्या आचळाला लावलं. काबरीनं एकदा मान वळवून पाहिलं आणि उभी राहिली (आमच्या घरात समजूतदार म्हणावी अशी ती एकच). मी म्हणालो, अगं, जावयाचं कुत्रं बिघडेल. तर मलाच म्हणतात, "लेकरू भुकेनं रडून राहिलं अन् तुमी काहून घड्याळ बघून राहिले?"

तेव्हापासून संध्याकाळी काबरी बांधावर दिसली की हा आतून बोंब ठोकतो आणि त्याची दोन दूधभावंडं बाहेरून साथ देतात. तुम्ही दिलेली बिस्किटं आत टाकून पाहिली, ती गजांतून तोंड घालून करडांनीच खाल्ली. पिंजऱ्यावर चादर टाकली, तीही खाल्ली. मग मामींनी बिस्किटांऐवजी भाकरीचा काला सुरू केला, आणि तो द्यायचा म्हणून पुन्हा दार उघडणं आलं. अशानं कुत्रं काय शिकणार? साठ वर्षांत मी शेकडो जनावरं वळवली, पण एका बायकोपुढे आणि एका पिल्लापुढे हात टेकले.

तुम्ही येत्या रविवारी त्याला न्यायला येणार. आधीच सांगतो, कुत्रं काही शिकलेलं नाही. राग मानू नये.

तुमचा,
नामाजी

ता. क. पिंजरा सध्या रिकामा नाही. त्यात काबरीची दोन्ही करडं बसतात. कोणी न शिकवता बसतात.

ता. क. आणखी एक. पत्र चिकटवायच्या आधी खरं लिहितो. बुरण्या विसाव्या दिवशीच शिकला. 'घरात' म्हटलं की आत जाऊन पायावर मान टाकून बसायचा, मामी दिसल्या तरी हूं की चूं नाही. ते मला बघवेना. दुसऱ्या दिवशी करडं पिंजऱ्यात मीच घातली आणि त्याला बाहेर ठेवलं. मामींना वाटतं त्यांनीच बिघडवलं, तसंच वाटू द्या. रविवारी दोघं जेवायला नक्की या, फक्त गाडीत त्याच्यासाठी जागा करू नका. मी रानातून येताना दिसलो की तो फाटकापर्यंत पळत येतो. साधना सासरी गेल्यापासून तसं कोणी येत नव्हतं.