सदतीस पाऊंड

नेव्हिल,

हा धंदा मला तूच शिकवलास. बेटिंग एक्स्चेंजवर, म्हणजे लोक ऑनलाइन एकमेकांविरुद्ध पैजा लावतात तिथे, समोर बिननावाचा माणूस असतो, त्याच्यावर राग धरायचा नाही. घोडे सुटायच्या आत थोडा तोटा सोसून सौदा मिटवायचा. आणि आपल्या आईच्या दफनाच्या दिवशी सगळ्यांसमोर तूच म्हणालास, "आमच्या ग्लेन्डाला हरणं पचत नाही."

तू दर वेळी सदतीस पाऊंडच लावतोस, ही तुझी खोड मला ठाऊक आहे. मंगळवारी रिपनच्या शर्यतीत मी पैसे लावलेल्या घोडीविरुद्ध सारखे सदतीस पाऊंड येत होते. "आलास का, मेल्या," म्हणत मी चहा बाजूला सारला. चाळीस पाऊंडांच्या तोट्यावर सुटले असते, पण मी रक्कम तिप्पट केली आणि घोडे सुटले तरी बाहेर पडले नाही. घोडी पाचवी आली. सहा महिन्यांची कमाई गेली.

तुला शिव्या घालायला फोन केला, तर तुझी बायको म्हणाली, "अगं, त्याचा मोतीबिंदू काढलाय. पंधरा दिवस झाले, स्क्रीनसमोर बसलेलाच नाही."

म्हणजे मी कुणा परक्याशी भांडत होते. तेव्हापासून कॉम्प्युटर बंद ठेवलाय. हरणं पचवतेय, असं समज हवं तर.

तुझे डोळे लवकर बरे होवोत, अशी रोज प्रार्थना करणारी,
ग्लेन्डा