वेढ्यातलं पाखरू

पुराचा पहिला महिना, दिवस ३

शेदवेरला पोचलो. नऊ दिवस होडीत बसून कंबर मोडली, पण मन खूष आहे. उतरताना नावाड्याने विचारलं, बांधलेल्या देवाच्या देवळात कुणी हौसेने जात नाही, तुमचं कुणाशी वाकडं आलं?

सेन्नूशी आलं. राजधानीतला आमचा मुख्य चितारी. अकरा वर्षं त्याच्या हाताखाली थडग्यांच्या भिंती रंगवल्या. गेल्या साली एका सरदाराच्या थडग्यात मी एकट्याने बदकांची अख्खी भिंत रंगवली आणि कोपऱ्यात सेन्नूने स्वतःचं नाव घातलं. माझी लेक मेकेत सात वर्षांची आहे. तिला मोठ्या मिजाशीत ती भिंत दाखवायला नेलं, तर तिने चारही कोपरे शोधले आणि विचारलं, बाबा, तुमचं नाव कुठाय? नाव टिकलं तर माणूस मेल्यावरही टिकतो, हे तिला मीच शिकवलेलं. त्या दिवशी सेन्नूला चार शब्द सुनावले आणि माझी इथे बदली झाली. चुलीत जावो तो.

घर छान आहे, अंगणात अंजिराचं झाड आहे. तिसऱ्या महिन्यात पाणी चढलं की बायको, हेनुत, मेकेतला घेऊन येईल. तोवर या चुनखडीच्या कपच्यांवर रोज काहीतरी लिहीन म्हणतो.

पुराचा पहिला महिना, दिवस ४

काम समजलं. पुजारी पाहेरीबाबांनी समजावलं. तोंडात दात दोनच, पण टोमणा मारायला तेवढे पुरतात. म्हणाले, राजधानीचा हात आहे म्हणे, बघू, इथला देव काही बदक नाही.

देव, पुराचा म्हणे, आतल्या कोठडीत भिंतीकडे पाठ करून बसलेला असतो. काळ्या दगडासारखं अंग, पण हात लावला तर कोमट लागतं. त्याच्या छातीवर त्याला बांधून ठेवणारा दोराचा वेढा रंगवलेला आहे, खाली गाठ, आत त्याचं नाव. अंग रंग पिऊन टाकतं, म्हणून रोज सकाळी दाराबाहेरच्या तांब्याच्या ताटांवरून ऊन आत घेतात आणि चिताऱ्याने वेढा नव्याने गिरवायचा. आमची अक्षरं म्हणजे चित्रंच; नावातल्या प्रत्येक सापाच्या, पाखराच्या मानेत लाल सुरी काढायची. वेढ्यात धडधाकट जीव ठेवायचा नाही, कारण जो धड असतो तो उडतो. हे बाबांनी तीनदा सांगितलं. मी लहान आहे का?

दारावर तावीमावशी बसते. आत जाताना आपलं नाव तिच्यापाशी ठेवायचं आणि आत बिननावाने वावरायचं. काम झालं की ती त्याच नावाने हाक मारते, तेव्हाच उंबरा ओलांडायचा. माझं नाव ऐकून म्हणाली, इपुकी, नाव गोड आहे हो, तोंड मात्र लिंबू चोखल्यासारखं.

पुराचा पहिला महिना, दिवस २३

हात बसला. बाबा म्हणतात, असा वेढा त्यांनी चाळीस वर्षांत बघितला नाही. मग विचारलं, इथे आधीच्या चिताऱ्यांची नावं कुठे आहेत? ते हसले. म्हणाले, कुणाला ठाऊक, आम्ही त्यांना चितारीच म्हणायचो.

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. इथेही मी चितारीच.

पुराचा दुसरा महिना, दिवस २

आज केलं. गाठीच्या वर, दोन पिळांच्या मध्ये, मुगाच्या दाण्याएवढं माझं नाव लिहिलं. जगातल्या सगळ्यात टिकाऊ जागी. सेन्नूच्या भिंती पडतील, देव कुठला पडतोय. माझ्या नावात एक पाखरू आहे. त्याच्या मानेत सुरी काढायला कुंचला टेकवला होता, पण स्वतःच्या नावावर सुरी चालवायला हात धजावला नाही. एवढंसं पाखरू, कुणाला दिसणार आहे? मेकेत आली की तिच्या कानात सांगेन.

पुराचा दुसरा महिना, दिवस ३

आज वेढ्याचा रंग उडाला होता, माझं नाव तेवढं ओलं होतं.

पुराचा दुसरा महिना, दिवस ८

काम आटोपून उंबऱ्याशी हाकेची वाट बघत राहिलो. हाक येईना. शेवटी तसाच बाहेर आलो तर तावीमावशी दचकली. म्हणाली, अहो, तुम्हाला मघाशीच नाही का हाक मारली? खजूर खात गेलात, माझ्या गुडघ्याचीही चौकशी केलीत. परत कधी आत शिरलात?

मी तिच्या गुडघ्याची चौकशी कधीच केलेली नाही. म्हातारीला विसर पडतोय.

पुराचा दुसरा महिना, दिवस १३

कोळी म्हणाला, परवा दुपारी जाळं ओढायला हात लावलात, उपकार झाले. परवा दुपारी मी झोपलो होतो. भाकरी भाजणारी म्हणाली, भावजी, आता कसे माणसात आलात, पूर्वी नुसते गुरगुरायचात. पोरं मला बघून धावत आली आणि जवळ येताच थबकली.

गावात कुणीतरी मी होऊन फिरतंय. आणि सगळ्यांना तोच जास्त आवडतोय.

पुराचा दुसरा महिना, दिवस १४

देवाचं अंग गार आहे. निव्वळ दगड.

नाव पुसायला गेलो. ओल्या फडक्याने घासलं, मग वाळूने. पाखरू जात नाही. प्रत्येक घासणीला माझ्याच छातीची आग होत होती. घरी येऊन अंगरखा काढला. छातीवर लाल रेघ आहे. पिळाची.

पुराचा दुसरा महिना, दिवस २०

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी छाती बघितली आणि खालीच बसले. चिडले नाहीत, तेच भयंकर वाटलं. म्हणाले, अरे, सुरी का नाही रे काढलीस? तो त्या पाखरावर बसून, तुझं नाव घेऊन बाहेर गेला. वेढा रिकामा राहिला तर तुटतो, आणि तुटला तर पूर शेदवेर गिळेल. कुणीतरी आत हवंच.

मी म्हटलं, मग त्याला धरून आणा. ते म्हणाले, तो देव आहे, मी दोन दातांचा म्हातारा.

मला त्यांचा राग आला. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं, त्याचा जास्त आला.

पुराचा दुसरा महिना, दिवस २६

उंबरा ओलांडता येत नाही. पाय उचलतो, तो आतच पडतो. तावीमावशीला विनवलं, मला हाक मार. ती रडत म्हणाली, मारते हो, पण तुमचं नाव घेतलं की बाहेरून तोच ओ देतो.

भाकरी आत सरकवते. तोंडाकडे बघत नाही. कपच्या आणि कुंचला मात्र तिनेच आणून दिला.

पुराचा तिसरा महिना, दिवस १

माझ्या छातीवरचा वेढा पुरा झाला. गाठ बेंबीच्या वर. आत माझं नाव — पाखरू अजून धड आहे. म्हणजे मलाही उडता येईल. येईल ना? उंबऱ्याशी दिवसभर — नाही.

पुराचा तिसरा महिना, दिवस ५

होडी आली. ताटांतलं ऊन हललं, बाहेर माणसं — हेनुतचा आवाज. मी ओरडलो. घसा फुटेस्तोवर. तावीमावशी म्हणते बाहेर काही ऐकू गेलं नाही.

हेनुत त्याला म्हणाली, इथलं पाणी मानवलं बाई तुम्हाला, किती दिवसांनी हसताय.

मेकेत हसत होती. त्याच्या खांद्यावर असणार — आवाज उंचावरून —

पुराचा तिसरा महिना, दिवस ६

सकाळी तो आला. माझा चेहरा, माझे कुंचले. तावीपाशी माझंच नाव ठेवून आत शिरला. माझ्यापुढे बसून वेढा गिरवला. हात माझ्याहून स्थिर आहे. जाताना सहज म्हणाला, लेक विचारत होती, बाबा, तुमचं नाव कुठाय? तिला म्हटलं, आहे एका जागी, पण अजून पुरं झालेलं नाही. उद्या करतो.

दिवस ७

पाऊल वाजलं. त्याच्या हातात लाल रंग आहे. सुरीचा. सुरी बसली की पाखरू मेलं, मग मी कायमचा आत — मेकेत, हे कुणी तुला दिलं तर — भिंत मी रंगवली होती, बदकं माझी, तुझा बाप मी, मी इपु—