लेकीचा ओठ

तीर्थरूप आईस,
लेकीचा आणि नातीचा नमस्कार.

छकुलीच्या ओठाचं ऑपरेशन नीट पार पडलं, आता काळजी सोड. चमच्याने दूध पिते. ओठाला हात लावू नये म्हणून कोपरांना पट्ट्या बांधल्यात, त्याचाच काय तो राग. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझ्यासारखाच तिचाही ओठ जन्मतः दुभंगलेला, पण शिवण किती वेगळी! आतले टाके आपोआप विरघळतात आणि वरची कातडी चक्क डिंकासारख्या औषधाने चिकटवलीय. टाके काढायची भानगडच नाही. माझे काढताना तू माझे हात धरून माझ्यापेक्षा जास्त रडली होतीस.

हे तिच्याकडे बघून म्हणाले, "काय देखणी दिसतेय गं!" मला कधी असं म्हणाले नाहीत. वाटी-चमचा धुवायच्या निमित्ताने मी बाहेर गेले आणि नळ सोडून रडले. पोटच्या पोरीचा हेवा वाटला गं मला. फोटो काढताना तिला तोंडावर हात धरावा लागणार नाही. मी अजून धरते.

आज डॉक्टरीणबाईंना विचारलंच, "माझा ओठ उघडून पुन्हा नीट शिवता येईल का?"

त्या हसल्या नाहीत. जवळ येऊन निरखून म्हणाल्या, "येईल की."

ह्यांना अजून सांगितलं नाही, आधी तुला विचारतेय. त्या वेळी तूच दारोदार फिरून हा ओठ शिवून आणलास. मी तो बदलून घेतला, तर तुझ्या मनाला लागणार नाही ना?

तुझीच,
थोरली