इंग्लंडातलं गवताचं घर आणि माझा अंगठा

शारजा, अल मजाज

माझा धाकटा भाऊ जहूर याला मैमुनाआपाचा सलाम. सफूराला आणि पोराबाळांना दुवा. गुडघा कसा आहे? तेल लावतोस की नुसता बाटलीकडे बघत बसतोस? सफूराचा खोकला गेला का? इथे अल्लाच्या मेहेरबानीने सगळी खुशाल आहेत. मीही खुशालच असते, पण माझ्या लेकाला ते बघवलं नाही. पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला नाही, कारण तू फोन स्पीकरवर लावतोस आणि माझं बोलणं तुझ्याआधी मोहल्ल्याला समजतं. म्हणून मी बोलते आहे, सूनबाई लिहिते आहे, आणि इथल्या रोल्ला भागातला हम्माद सुट्टीवर येतो आहे त्याच्या हाती पाकीट देते आहे. (नबिला, मी म्हणेन तेच लिही. मागच्या वेळी मी ‘गाढव’ म्हटलं आणि तू ‘भोळा’ लिहिलंस. मला वाचता येत नाही, पण जहूरने फोन करून आभार मानले तेव्हाच मी ओळखलं.)

तर आता माझा संताप ऐक. माझ्या लेकाची, उझैरची, नोकरी पुढल्या वर्षी संपते. इथे नोकरी खलास म्हणजे व्हिसा खलास. इतकी वर्षं काढली तरी आपण इथे पाहुणेच. मग आता जायचं कुठे, हा प्रश्न घरात आला. आमच्या वेळी हा प्रश्न नव्हता, सामान बांधायचं आणि गावी जायचं. पण माझ्या लेकाने लॅपटॉप उघडला आणि इंग्लंडात घर शोधलं. कसलं घर? गवताचं. भिंती दगडी आणि वर गवताचं छप्पर, मागे जंगल, पुढे कुरण. म्हणे ऐतिहासिक आहे, कुठल्यातरी राजाच्या काळातलं. किंमत त्याने दिरहममध्ये सांगितली, मी मोठ्याने तिचे रुपये केले तेव्हा नबिला खाली बसली. (बसली होतीस, लिही.)

जहूर, तू आणि मी गवताच्या केंबळी घरात जन्मलो. छपरातून साप पडला होता तो नेमका अब्बांच्या ताटाशेजारी, आणि अब्बा म्हणाले होते, जेवून घ्या, तो भुकेला नाही. दरवर्षी घर शाकारायचं, पेंढ्या वर द्यायच्या, हातांना खाज सुटायची ती आठवडाभर जायची नाही, आणि कोणी चुलीत जास्त लाकडं घातली की अम्मा छपराकडे बघत कलमा पढायची. उझैरचे अब्बा पहिल्यांदा गल्फला आले आणि सुट्टीवर परतले तेव्हा आधी काय केलं? गवत उतरवलं. नुसतं आम्हीच नाही, जो जो इथे आला त्याने घरी जाऊन तेच केलं. सगळा गाव गवताखालून निघायला समुद्र ओलांडून आला, आणि माझा लेक इथे कमावलेलं सगळं देऊन पुन्हा गवताखाली शिरायला निघाला आहे. तेही थंडीत.

शनिवारी व्हिडिओ कॉल लावून ते घर टीव्हीवर बघायचा कार्यक्रम झाला. मुलगी बघायला जातात तसं नबिलाला खजूर आणि चहा मांडायला लावला. त्या लोकांना तिकडून काय दिसणार होतं ते अल्लालाच माहीत. पलीकडे टाय घातलेला दलाल मोबाईल धरून घरभर फिरत होता आणि दर दरवाजाला वाकत होता, कारण दरवाजे बकरीच्या उंचीचे. नातीला, आमच्या झाराला, मी शेजारी बसवलं, ती त्यांचं मला सांगायची आणि माझं त्यांना (आणि अधूनमधून गाळायची, तोंडावरून कळतं). मी विचारलं, हा खांब मध्ये कशाला, काढता येईल का? तर नाही. घर सरकारच्या वहीत नोंदलेलं आहे, खिडकी बदलायची तरी परवानगी. वर वटवाघळं राहतात, त्यांना हाकलायचं नाही, कायदा त्यांच्या बाजूने. कुरणातून पायवाट जाते, त्यावरून कोणीही माणूस कुत्रं घेऊन केव्हाही जाणार, त्याला अडवायचं नाही. आणि वर कडी अशी की घर विकत घेतलं तरी तिथे कायमचं राहता येत नाही, घर घेण्याने व्हिसा मिळत नाही. पाहुणे म्हणून सहा महिने राहायचं आणि निघायचं. म्हणजे खांब सरकारचा, माळा वटवाघळांचा, अंगण कुत्र्यांचं, आणि आपण तिथेही पाहुणेच. मी म्हटलं, उझैर, बाळा, तू घर घेत नाहीयेस, तू पैसे देऊन वॉचमनच्या नोकरीला लागतो आहेस. तो म्हणाला, अम्मी, इट्स हेरिटेज.

मग स्वयंपाकघरात त्या घराची मालकीण दिसली. माझ्याच वयाची, चुलीपाशी मांजर घेऊन बसलेली. नाव हिल्डा. तिचा लेक तिला कुठल्याशा वृद्धांच्या जागी ठेवणार आहे, जिथे उशाशी घंटी असते. हे दलालानेच सांगितलं, घर लवकर रिकामं होईल ही खुशखबर म्हणून. मी झाराला म्हटलं, तिला विचार, तुला जायचं आहे का?

“दादी, असं विचारायचं नसतं.”

मी म्हटलं, तू विचार, पाप मला लागू दे. तिने विचारलं. ती बाई मांजराला कुरवाळत हळूच काहीतरी बोलली. झारा माझ्या जवळ सरकली. मग म्हणाली, “दादी, ती म्हणते, हे तिला आधी कोणी विचारलंच नाही.”

दलालाने घाईघाईने मोबाईल खिडकीकडे वळवला आणि कुरण दाखवायला लागला. हिरवंगार होतं, खोटं कशाला बोलू. पण मला ते बघवेना. म्हातारीला उठवून तिच्या चुलीवर मी चहा ठेवणार, असं होणे नाही, हे मी तिथेच जाहीर केलं. उझैर चिडला. मग त्याच्या तोंडून खरं निघालं, की त्या घरासाठी गावचं घर विकायचं आहे, आणि ते कितीला जाईल हे त्याच्या जहूरमामूने फोनवर कळवलं आहे. कळवलंस ना? लाज नाही वाटली? माझ्या घराची किंमत माझ्या पाठीमागे? (नबिला, इथे ‘गाढव’ लिही. लिहिलंस? पुन्हा लिही.) ते घर माझ्या नावावर आहे आणि त्याला माझा अंगठा लागतो. मी सांगितलं, अंगठा सध्या कामात आहे.

तेव्हा तो जे बोलला ते तुला सांगते. “अम्मी, गावी आहे काय? स्लॅबचा खोका. उन्हात भट्टी. मला म्हातारपणी झाडं हवीत, गवत हवं, आपलं वाटेल असं काहीतरी.” एवढं बोलून तो बाल्कनीत गेला आणि खालच्या खाडीकडे बघत उभा राहिला. घर खोका आहे हे खरंच आहे. तरी अंगठा मिळणार नाही, हे तू गिऱ्हाइकाला सांग, आणि तुझा त्यात काही वाटा ठरला असेल तर तो विसर.

बाकी सगळं ठीक. सफूराला सांभाळ, गुडघ्याला तेल लाव, आणि तुझ्यावर मी फार रागावले आहे हे पत्र संपल्यावरही लक्षात ठेव.

तुझी आपा,
मैमुनाबी

ता. क. रागात असल्यामुळे तुझ्याकडून काही घेणार नाही. हम्माद परत येताना कोळंबीचे सोडे पाठवलेसच तर नीट वाळलेले पाठव, मागच्यांना वास होता.

ता. क. दुसरी. आता कामाचं, आणि हे मोठ्याने वाचू नकोस. अब्बांच्या डोंगरीतला मांगर, ते शेतावरचं खोपट, आहे ना, ज्याच्यात तुझ्या बकऱ्या असतात? मी उझैरला सांगितलं आहे की आपल्याकडेही गवताचं ऐतिहासिक घर आहे, मागे काजूचं जंगल, पुढे कुरण, खाली वाहता पऱ्ह्या. त्याने फोटो मागितले, मी म्हटलं तिथे रेंज नाही. जुलैत झाराची शाळा बंद झाली की आम्ही सगळे येतो आहोत, तिकिटं काढली. तेव्हा बकऱ्या हलव. वादळानंतर तू वर पत्रे घातलेस ते काढ आणि खालच्या वाडीतल्या सूर्यकांताला बोलावून पाऊस लागायच्या आत मांगर शाकारून घे. गवत गेल्या वर्षीचं वापर, नवं पिवळं दिसेल. भिंतीला शेवाळ हवं, सफूराला रोज पाणी मारायला सांग. त्या घराचा इतिहास मी सांगेन, तू गप्प राहा, खोटं बोलताना तुला हसू येतं. (नबिलाला हे सगळं पसंत आहे, तिला थंडी सोसत नाही.)

ता. क. तिसरी. सूर्यकांताला सांग, एका जागी थोडं गळू दे. अजिबात गळलं नाही तर उझैरला संशय येईल, तो इंजिनियर आहे. पण गळती माझ्या खाटेवर ठेव, त्याच्या नको. त्याला सर्दी लवकर होते.