तू सांगितलेला शेवट

माय, तू माझ्याशी खोटं बोललीस. साधी थाप नाही, अख्ख्या मालिकेचा शेवटच बदललास. तुझ्या शेजारच्या काकूंना ती जुनी मालिका मोबाइलवर सापडली. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईची, आपण त्यांच्याच घरी जाऊन बघायचो ती. हल्ली रविवारी दुपारी त्या माझ्याकडे येतात आणि आम्ही दोघी बघतो. परवा शेवटचा भाग लागला. भावाकडे निघून गेलेली ती बाई नवरा आजारी पडला म्हणून परत आली! त्याला सूप पाजलं, सासूच्या पाया पडली आणि सगळं घर हसत जेवायला बसलं. मी म्हटलं, "काकू, हा शेवट नाही. हे कुणीतरी भलतंच जोडलंय." त्या म्हणाल्या, "ह्योच हाय बाई. तुही माय अर्ध्यातून उठली होती. म्हणली, येडी हाय का ही, अन् चपला घालून गेली निघून."

मी तेव्हा नववीत होते. मामाकडे चलथाणला लग्नाला गेल्यामुळे माझा तेवढाच भाग चुकला होता. घरी आल्या आल्या मी तुला विचारते, शेवटी काय झालं? तू साडीवर खडे चिकटवत बसली आहेस. रात्रपाळीवरून आलेले बाबा खाटेवर झोपलेत. तुझ्या दंडावर काळंनिळं आहे, ते पदराखाली पुरतं झाकत नाही. मान वर न करता तू हळूच म्हणतेस, "गेली ती. लेकराला काखेत मारलं अन् गेली."

"तो न्यायला नाही आला?"

"आला. तिनं दारच उघडलं नाही."

"मग खाते काय?"

"हातपाय हायेत की तिला."

इतकं ठामपणे तू कधी बोलायची नाहीस, म्हणून तर ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. लग्नानंतर इच्छापोरच्या खोलीत, फोन उचलायला उशीर झाला एवढ्यावरून माझ्यावर पहिल्यांदा हात उठला, तेव्हा मला ती बाई आठवली. पुढे एका दुपारी पोरीला काखेत घेऊन मी भेस्तानला तुझ्या दारात उभी राहिले. बाबा ओरडले, "नवऱ्याचं घर सोडून आलीस? लोकांना तोंड काय दाखवू?" तू साड्यांचा ढीग भिंतीकडे सरकवलास आणि पोरीला झोपवायला जागा केलीस.

आणि तू? मला मार्केटमध्ये पॅकिंगचं काम लागलं, मी वेगळी खोली घेतली, तेव्हा किती विनवण्या केल्या तुझ्या! चल म्हटलं की तुझं एकच, "ह्यांच्या डब्याचं कोण बघंल?" अगं, तू वारल्यावर महिनाभरात बाबा खिचडी शिकले. बरी करतात, वर जिऱ्याची फोडणीसुद्धा देतात! आणि त्या डब्यापायी तू जन्म काढलास. लेकराला काखेत मारण्यापासून दार न उघडण्यापर्यंत सगळं तुला सुचलं होतं, मग ते फक्त मला सांगण्यापुरतंच का? तू समोर असतीस तर भांडले असते. परवा भाकरी थापतानाही मी मोठ्याने तुझ्याशीच बोलत होते, पोरगी तिच्या शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, "मम्मी, कोनी साथे वात करे छे?" मी तिच्यावरच खेकसले.

हे कुठं पाठवायचं नाही, ते मलाही कळतं. पण एक सांगते. मी तुझ्याकडे राहत असताना नवरा मला न्यायला आला होता, पोरीसाठी फ्रॉक घेऊन. तू पाणी आणायला खाली गेली होतीस. मी कडीवर हात ठेवून बराच वेळ आत उभी होते. खरा शेवट मला माहीत असता, तर मी दार उघडलं असतं.