वास येईनासा झाला

३ ऑक्टोबर १९८३
सानगडी सोडून लाखनीत आलो. या वयात नोकरी मिळाली, जीव हरखला. गॅसच्या गोदामाची राखण, मागे राहायला खोली, रांधायला मुलगी कुंता सोबत. मालक भय्याजी बोलायला गोड. मी चौथी शिकलेला, म्हणून भिंतीवरच्या सूचना त्यांनी मलाच मोठ्याने वाचायला लावल्या. सिलिंडर उभे ठेवायचे. भरलेले वेगळे, रिकामे वेगळे. आत बिडी नाही. गॅस हवेहून जड, जमिनीलगत साचतो, म्हणून खालच्या जाळ्या सदा मोकळ्या. रोज एकदा वाचतो. विसरलो तर काय, ही धास्ती.

८ ऑक्टोबर
आज हमालांनी एक भरलेला सिलिंडर ट्रकवरून टायरवर न घेता थेट फरशीवर सोडला. तेव्हापासून घाण वास. सिलिंडरच्या तोंडाला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे उठले. बाहेर मोकळ्यावर नेऊ म्हणालो. भय्याजी म्हणाले, चोरून नेतील. मेकॅनिक दसऱ्यानंतर येते, तुमी कायले भेता तुलारामभाऊ, सवय होते नाकाले.

१२ ऑक्टोबर
वास येईनासा झाला. बरं वाटलं. दुपारी कुंता डबा घेऊन आली, दारातच पदर नाकाला लावला. बाबा, एवढा वास मारून राहिला, तुमाले येत नाही का? मला खरंच येत नव्हता. साबण लावला. बुडबुडे आणखी मोठे.

१४ ऑक्टोबर
उद्या खांडेनवमी. भय्याजींच्या आई, कौशल्याबाई, येऊन सांगून गेल्या, शेतकरी नांगर पुजतो, आपण सिलिंडर पुजायचे. तुपाचा दिवा लावून. वाऱ्याने विझला तर अपशकुन, म्हणून जाळ्यांत पोती कोंबायला लावली. दिवा नको म्हणालो, तर हसल्या. लक्ष्मीले दिव्याचं भेव लागते का गा?

१५ ऑक्टोबर, सकाळ
पहाटे पोती काढली. भय्याजींनी रागावून पुन्हा कोंबली.
दिव्याचं ताट कुंताच्या हाती दिलं आहे. मान म्हणून. धुपाच्या धुरात तिलाही वास कळत नाही —

पोती काढायला आत शिरलो. दिवा आत येऊ नये म्हणून आतून कडी घातली. उघडणार नाही.
डोकं जड. पोती ओढून निघत नाहीत. ओरडलो, बाहेर डफडं वाजतं, कोण ऐकतं.

दारावर थापा. कौशल्याबाईंचा आवाज — बुढा उघडत नाही तर राहू दे, कुंता, उंबरठ्यावरच ठेव दिवा —

दाराखाली चार बोटं फट आहे. फटीत उजेड —
कुंता, मागे हो, माग