चादरीखालची आई

ता. १४, गुरुवार

ताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. आम्ही दोघं बरे आहोत. ठोंब्याला दुसरा दात आलाय, माझ्या खांद्याला चावतो. रविवारी तुम्ही त्याला न्यायला येणार म्हणून त्याचे कपडे धुऊन घड्या घालून ठेवलेत. दोन झबली लहान झाली, ती बाजूला काढली. मग परत पिशवीत भरली. परत काढली.

तू त्याचा फोटो मागितला होतास, एकट्याचा, शेजारणींना दाखवायला. त्याचंच सांगायचंय. माझी शाळा चौथीपर्यंतची, इकडचं तिकडे होईल, सांभाळून घे.

मी ज्यांच्याकडे झाडपूस करते ते काका जुनी पोस्टकार्डं जमवतात. खोलीभर खोके. नदीवरच्या पुलांची वेगळी, कुत्र्यांची वेगळी, बाळांची वेगळी. मी कोरड्या फडक्याने खोके पुसायचे, कार्डाला बोट लावायचं नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी मला बसवून बाळांचा खोका दाखवला. शंभर वर्षांपूर्वीचे फोटो. लोक म्हणे मुलाचा फोटो काढून त्याचंच कार्ड करायचे आणि नातेवाइकांना धाडायचे. एका कार्डात बाळ फुलाफुलांच्या खुर्चीवर बसलेलं. मी म्हणलं, काका, खुर्चीला बोटं कशी?

काका हसले. म्हणाले, ती खुर्ची नाही, आई आहे. तेव्हा फोटोला वेळ लागायचा, बाळ हललं की तोंड पुसट यायचं. म्हणून आईच्या अंगावर चादर टाकायचे आणि मांडीवर बाळ. वर म्हणतात कसे, "आमची ही असती तर म्हणाली असती, बायकोला खुर्ची समजायला फोटो कशाला लागतो?"

मीही हसले. मग विचारलं, मागे तिचं नाव आहे का. काकांनी भिंग लावून वाचलं. बाळाचं नाव होतं, वजनसुद्धा होतं. तिचं नव्हतं.

तेव्हापासून ती बाई माझ्या डोक्यातून जात नाही. भर दुपारी दोरीवरची चादर वाऱ्याने फुगली की वाटतं, आत कुणी बसलंय. मी दोनदा उचलून बघितली. खुर्चीवर कपडे टाकायचे बंद केलेत.

काल फोटोवाल्याकडे गेले. ठोंब्या एकटा बसेना, लगेच कलंडायचा. फोटोवाला म्हणाला, "तुम्ही मागून धरा, वरून काळं कापड टाकतो. तुम्ही दिसणार नाही, काळजी नको." मला ती चादरीखालची बाई आठवली, पण तोंडाने हो म्हणाले. माझं तसंच असतं.

कापडाखाली काही दिसेना. माझाच श्वास माझ्या तोंडावर येत होता. ठोंब्या रडायला लागला. माझ्या दोन्ही हातांत होता, ताई, आणि मलाच शोधत होता. मान इकडे वळव, तिकडे वळव. माझ्या हातांना ते कळत होतं. फोटोवाला म्हणाला, आवाज करू नका, तो मागे बघेल. मी ओठ चावून गप्प बसले. मग नाही बसवलं. कापड फेकून दिलं. फोटो झाला नाही.

आता खरं लिहिते. दवाखान्यात मी हो म्हणाले ते भीतीने. ठोंब्याचा बाप निघून गेलेला, अंगात ताप, आणि तू पायाशी बसून म्हणालीस, "माझी तीन गेली, हे एवढं मला दे." आपली आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास. तुला नाही कुठल्या तोंडाने म्हणू? दाजी म्हणाले, पोराला कळायला लागलं तरी सांगायचं नाही, आई तू आणि मावशी मी. मी त्यालाही मान हलवली.

तू दार कायमचं लावून घेशील. तुझ्याशिवाय मला माहेर नाही. एकटीने निभेल का, तेही माहीत नाही. भीती वाटतेच.

तरी मी ठोंब्याला देणार नाही.

रविवारी या. त्याला मांडीवर घे, हवा तेवढा वेळ बस. मावशी म्हणून. संध्याकाळी मात्र तुम्ही दोघंच परत जायचं.

हे फाडून टाकायच्या आत पेटीत टाकून येते.

तुझ्या हाताखाली वाढलेली,
ठोंब्याची आई